पऱ्हाट्यांचा कार्बन

आदिलाबादजवळच्या आमच्या शेतातून पऱ्हाट्यांचा भारा बांधून मी हैदराबादला निघाले, तेव्हा आईला काही कळेना.

"काऊन वं, तिथं सैपाकाले जळण नाई भेटत का?"

कापूस वेचून उरलेल्या या काड्यांपासून वीज साठवायचं साधन करणार, असं सांगितल्यावर ती नुसती हसली.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या आम्ही दोघी होतो. माझी जोडीदार बेल्लमपल्लीची, खाणकामगाराची मुलगी. पऱ्हाट्या बंद भट्टीत भाजून, ॲसिडनं आणि मग पाण्यानं धुऊन ती कार्बन करायची. मी त्यावर मँगनीज ऑक्साईडचा थर चढवायचे. ऑक्साईडमध्ये वीज पुष्कळ मावते, पण नुसतं वापरलं तर ते तडकतं, गळून पडतं. तिच्या सच्छिद्र कार्बनवर मात्र ते घट्ट बसलं. धातूच्या जाळीवर त्याचा लेप देऊन केलेली आमची पट्टी, म्हणजे इलेक्ट्रोड, सतत चार्ज-डिस्चार्ज करूनही टिकली, त्या दिवशी कँटीनमधून उठवेना आम्हाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील वारले. त्यांच्या जागी खाणीत घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. बहिणी लहान होत्या.

"प्रबंध होईपर्यंत थांब ना," मी म्हणाले.

"नोकरी थांबेल का?" ती तेलुगूत म्हणाली आणि बॅग भरू लागली.

तिच्याच कृतीनं मी कार्बन करत राहिले. पट्ट्यांना भेगा पडायच्या. फोन केला की ती म्हणायची, "अजून धू, ॲसिड राहत असेल," आणि मागून तिची आई हाक मारायची. पुढे फोन करायलाही मन होईना. शेवटी विकतचा कार्बन वापरून प्रबंध संपवला. पदवी मिळाली, पट्टी बेताचीच निघाली.

आदिलाबादला कॉलेजात शिकवायला लागल्यावर एकदा तिला भेटायला गेले. ती खाणीच्या लॅम्प रूममध्ये होती. कामगारांच्या टोपीवरचे दिवे चार्जिंगला लावायचे, पाळी सुरू होताना वाटायचे, हे तिचं काम.

"आता कितपत टिकते पट्टी?" तिनं विचारलं.

"आपली टिकायची, तेवढी नाही."

ती एक बंद पडलेला दिवा बाजूला सारत म्हणाली, "हे कंपनीकडे परत पाठवतात. उघडून बघायची परवानगी नाही."

भोंगा झाला. खिडकीपुढे रांग लागली आणि ती नंबर बघून दिवे देऊ लागली. मी थोडा वेळ उभी राहिले. रांग काही संपेना, म्हणून 'येते' अशी हातानंच खूण केली. तिनं ती पाहिली की नाही, कोण जाणे.