दिवाबाई आणि वळणावरचा दिवा

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं टेबल मांडणाऱ्या बाईला सगळे दिवाबाई म्हणतात. हे नाव तिला कुणी लाडाने दिलेलं नाही, तिने ते भांडून मिळवलंय. गल्लीच्या अंधाऱ्या वळणावर तिच्या लेकीची पर्स हिसकावून एक जण पळाला. ओढाताणीत पोरगी पडली, मनगट मोडलं. त्यानंतर दिवाबाई कामधंदा सोडून वॉर्ड ऑफिसच्या बाकावर ठाण मांडून बसायची. साहेब म्हणाले, अर्ज ठेवून जा. ती म्हणाली, अर्जाला अंधाराची भीती वाटत नाही, माझ्या लेकीला वाटते. शेवटी साहेब टेकीला आले. कसला दिवा पाहिजे, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती ठसक्यात म्हणाली, "तुमच्याकडचा सगळ्यात मोठा."

मोठाच मिळाला. उंच खांबावर पांढराफेक फ्लडलाइट, तोही आडवा रोखलेला. अख्खी गल्ली खूश झाली.

दिवाबाईची धाकटी जाऊ तेवढी गप्प होती. वळणावरच्या भिंतीपलीकडे तिची फुलशेती, सगळी शेवंती. शेवंतीचं असं असतं की रात्र लांबायला लागली हे तिला कळलं तरच ती कळी धरते. इथे रात्रच होईनाशी झाली. रोपं तरारून वाढली, पानं हिरवीगार, आणि कळी औषधालाही नाही. फुलांचा व्यापारी बघून गेला. महिनाअखेरीपर्यंत कळी दिसली नाही तर मी दुसरीकडे बघतो, असं तोंडावर सांगून गेला. जावेच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

ती सांगायला आली तेव्हा दिवाबाईने मान वर केली नाही. तुला फुलं दिसतात, मला पोरीचं मनगट दिसतं, एवढंच म्हणाली आणि पुढचा सदरा ओढला.

"ताई, ते मनगट आधी माझ्या हातात होतं," जाऊ म्हणाली. "तुम्ही नंतर आलात."

खरंच होतं ते. पोरीची किंकाळी ऐकून पहिली धावली होती ती जाऊच. दिवाबाईने इस्त्री सदऱ्यावर दाबून फिरवली.

त्या संध्याकाळी ती एकटीच वळणापर्यंत चालत गेली. दिवा थेट डोळ्यांत घुसत होता. खांबाच्या पलीकडे सगळं काळंठिक्कर. भिंतीला टेकून कुणीतरी उभं होतं, ते तो खोकला तेव्हा कळलं. कोपऱ्यावरचा न्हावी होता, दुकान बंद करून विडी ओढत होता. दुसरा कुणी असता तर? एवढं भांडून आणलेला दिवा, आणि हाताच्या अंतरावरचा माणूस दिसू नये? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. राग कुणावर काढावा हेच कळेना, कारण दिवा मागितला होता तिनेच.

ती पुन्हा वॉर्ड ऑफिसात गेली. बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. जावेच्या फुलांसाठी दिवा काढायला निघाली म्हणे. रिक्षावाल्याची आई टेबलापाशी येऊन सुनावून गेली की माझ्या सुना त्या वळणावरून येतात, त्यांना काही झालं तर तुझ्या दारात येऊन बसेन.

वायरमन आला तो तोंड वाकडं करूनच. त्याच्याकडे पिवळसर उजेडाचा, वरून झाकलेला दिवा होता. त्याने बजावलं की आज लावून बघा, लोक नको म्हणाले तर जुना परत चढवेन, मग पुन्हा या खांबाला शिडी लागणार नाही.

अंधार पडल्यावर त्याने फ्लडलाइट उतरवला. बायका गल्लीत घोळक्याने उभ्या होत्या. नवा दिवा लागला तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, हा दिवा की काजवा? दिवाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. न्हाव्याला तिने वळणावर भिंतीला टेकून उभं केलं, लेकीला घोळक्याच्या पुढे. जाऊ वाफ्यात उकिडवी बसली, डोळे रोपांच्या शेंड्यांच्या पातळीवर आणून. तिथून दिवा दिसला तर झाडालाही दिसणार, एवढा साधा हिशेब.

"दिसतोय," जाऊ पलीकडून म्हणाली.

वायरमनने दिव्याचं तोंड भिंतीकडून वळवलं. जाऊ म्हणाली, आता नाही. पण न्हाव्याचा चेहरा गेला, नुसती आकृती उरली. बायकांत कुजबुज सुरू झाली. तोंड परत फिरवलं, तर जाऊ पुन्हा म्हणाली, दिसतोय. शिडीवरून वायरमन ओरडला की काय ते एकदाचं ठरवा. रिक्षावाल्याची आई म्हणाली, ठरलंय, जुना चढव. तो फ्लडलाइट घ्यायला खाली उतरू लागला.

दिवाबाईने शिडी धरली. "तोंड फिरवू नकोस. अख्खा दिवाच खाली घे, भिंतीच्या डोक्याएवढा."

एवढ्या खाली कुणीही फोडेल, तो म्हणाला. फोडणाऱ्याचं मी बघते, ती म्हणाली, आणि ते त्याला पटलं असावं. बडबडत त्याने पट्टा सोडवला, दिवा खाली सरकवून पुन्हा आवळला. उजेड भिंतीच्या अलीकडेच राहिला, रस्त्यावर पसरला.

दिवाबाईने लेकीला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरगी आईच्या भिडेने हो म्हणाली असती. पोरगी बराच वेळ वळणाकडे बघत राहिली.

"काका, विडी टाका," ती म्हणाली. "काकूंना कळलं तर जेवायला मिळणार नाही."

घोळक्यात हशा पिकला. न्हाव्याने हात पाठीमागे नेला, तोही सगळ्यांना दिसला. मग पोरगी कुणाला न सांगता चालायला लागली. वळणापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली. दिवाबाईचे हात शिडीवर घट्ट झाले. पोरगी पलीकडून फिरून परत आली, जरा घाईने, पण एकटी. रिक्षावाल्याची आई जुन्या दिव्याचं नाव न काढता घराकडे निघाली.

"ताई, फाटकाजवळची ओळ," भिंतीपलीकडून जाऊ म्हणाली. "फाटकाच्या जाळीतून तेवढ्या ओळीवर उजेड येतोय."

दिवा आणखी वळवला तर वळण पुन्हा काळं होणार, हे दोघींनाही कळत होतं. दिवाबाईने वायरमनला बोल्ट आवळायला सांगितलं.

"त्या ओळीवर काळं कापड टाकू," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी येते ओढायला."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज."

महिनाअखेरीला व्यापारी आला तेव्हा वाफ्यांत कळ्या होत्या. फाटकाजवळची ओळ मात्र तशीच हिरवी उभी होती, कारण दिवाबाई कापड ओढायला दोनदा विसरली होती. जावेने तिला त्यावरून ऐकवलं, आणि दिवाबाईने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, उलट उत्तर न देता ऐकून घेतलं.