आत्याची जागा

माणूस मेला तरी त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नसते, असं मानणारा अख्ख्या महाड-पोलादपुरात एकच इसम आहे, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबा पोलादपूरच्या अलीकडच्या उघड्या थिएटरात डोअरकीपर होते. थिएटर म्हणजे काय, तर रस्त्यालगतचा माळ आणि चुना मारलेली एक उंच भिंत. दिवाळीनंतर सुरू, पावसात बंद. पुढे चटया, मागे टेम्पो, जीपा आणि एमआयडीसीतल्या कामगारांच्या मोटारसायकली. कितीतरी लोक गाडीत बसूनच सिनेमा बघायचे. घरोघर टीव्ही आले आणि ते कायमचं बंद पडलं. आतोबांची बॅटरी मात्र चालूच राहिली.

माणसाचं नाव ते विसरतील, जागा नाही. महाडच्या भर बाजारात एका रिटायर्ड साहेबांना त्यांनी, "चौथी रांग, खांबाकडं! पाय आखडून बसायचं, पुढं बाया हायत," असं सुनावलं होतं. माझ्या लग्नात त्यांनी झाडून सगळी उंच माणसं मागे बसवली. माझे सहा फुटी सासरे थेट आचाऱ्याच्या चुलीपाशी गेले आणि आजतागायत ते विसरलेले नाहीत.

इथवर हसायला ठीक आहे. पण आतोबा रोज तिन्हीसांजेला त्या माळावर जायचे. भिंतीकडे पाठ करून बॅटरी पाडायचे आणि म्हणायचे, "या, या. जरा सरका हो." एकदा मी मागोमाग गेलो. सदू गवंडी, भागी कासारीण, टेम्पोवाला इब्राहिम... एकेकाला नावाने बोलावून ते बसवत होते. त्यातलं एकही माणूस आता जिवंत नव्हतं. मी उगाच चेष्टेत विचारलं, "आणि माझी जागा हो?"

"रिकामी हाय," ते म्हणाले. "घाई नाय."

मी घरी येऊन आधी ब्लडप्रेशर तपासून घेतलं.

गेल्या माघात आत्या गेली. पाठोपाठ कळलं की माळ विकला गेला, गोदाम होणार, पावसाच्या आत भिंत पाडणार. आतोबांनी जेवण सोडलं. मी चिडलोच. म्हटलं, एका भिंतीपायी जीव देताय काय?

"भिंत गेली खड्ड्यात, मास्तर! तुझ्या आत्येला बसवू कुठं? तिची जागाच नाय. सगळा मुलूख बसवला मी, आणि तिला पुढल्या सीझनला नेतो, पुढल्या सीझनला नेतो म्हणत राहिलो. एकदा पण नेली नाय रे."

खरंच, आत्याने ते थिएटर आतून कधी पाहिलंच नव्हतं.

तिथे एकच जागा कोणाच्या नावाची नव्हती. डाव्या कोपऱ्यातली पहिली चटई राखणदाराची, म्हणजे त्या माळाची राखण करणाऱ्या देवाची. हंगामाच्या आरंभी तिथे नारळ ठेवायचा आणि मग कोणाला टेकू द्यायचं नाही. आतोबांनी तिथून एकदा फौजदारालाही उठवलं होतं.

भिंत पाडायच्या आदल्या संध्याकाळी ते मला सोबत घेऊन गेले. कोपऱ्यात नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, आजवर तुझ्या चटईवर कुणाला बसू दिलं नाय. आज माझं माणूस हाय. जरा सरक."

वारा नव्हता. तरी कोपऱ्यातलं वाळकं गवत हळूहळू आडवं झालं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण दिसलं ते दिसलं.

आतोबांनी फाटकापासून बॅटरीचा उजेड जमिनीवर धरला आणि मागे मागे चालत आले. "ये गो. खाली बघून ये, दगड हाय." मग जन्मात पहिल्यांदा ते भिंतीकडे तोंड करून बसले. बॅटरी विझवली.

"मास्तर," अंधारातून आवाज आला, "जाताना आडवा येव नको."

त्या रिकाम्या माळावरून मी कमरेत वाकून बाहेर आलो.

आता तिथे गोदाम आहे. आतोबा जेवतात, आणि संध्याकाळी घरीच असतात. माझी एसटी मात्र रोज तिथून जाते, आणि ते वळण आलं की मी सीटवर खाली सरकतो. आत्याचा पहिलाच सिनेमा आहे.