सुदामची राहिलेली शाल

गेल्या महिन्यात एका सकाळी सुदामच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले हो..." एवढंच बोलल्या. हार्ट अटॅक. मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. आदल्याच दिवशी मुलुंडच्या आमच्या कारखान्यात सुदाम लेथ मशीन पुसता पुसता मला म्हणाला होता, "परब्या, रिटायर व्हायला चार महिने राहिले. माझी शाल उंदरांनी खाल्ली नाही ना रे?" त्याच्या घरी, घाटकोपरला पोहोचेपर्यंत तेच वाक्य डोक्यात घुमत होतं. त्या शालीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला सुदामबद्दल काही सांगताच येणार नाही. आणि त्या गोष्टीतला गाढवपणा माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही दोघं एकाच वर्षी कामाला लागलो, शेजारशेजारच्या लेथवर. नोकरी सांभाळून फौजेत जायची एक सोय असते, टेरिटोरियल आर्मी म्हणतात तिला. सुदाम तिच्यात भरती झाला. वर्षातून काही दिवस कॅम्पला जायचा, काळाठिक्कर पडून यायचा आणि पुढचा आठवडाभर आम्हाला डबा खायलाही रांगेत बसवायचा. मग एकदा पूर्णवेळ सेवेचं बोलावणं आलं. दोन वर्षं तरी परत येणार नव्हता. आता, आमच्या खात्यातल्या सेंड-ऑफची सगळी हौस माझी. रिटायर होणाऱ्याने लॉकरची किल्ली टाइम ऑफिसात जमा करायची, मग त्याला शाल-नारळ, मग मशीनपाशी फोटो, हा आमचा रिवाज. सुदाम म्हणाला, "अरे, मी परत येणारेय ना यार!" मी कसला ऐकतोय! नारळ नको म्हणाला, तेवढं ऐकलं आणि गुलाबाचं फूल दिलं. बाकी सगळं यथासांग झालं. भाषणात मी रडलोसुद्धा.

दोन वर्षांनी तो परत आला. फौजेतून परतलेल्या कामगाराला त्याचं पूर्वीचं काम पूर्वीच्याच अटींवर परत द्यायचं, असा कायदा आहे. सुदामने मुदतीत अर्जही दिला. साहेबांनी त्याच्यापुढे सेंड-ऑफचा फोटो टाकला. किल्ली जमा केली, शाल घेतली, म्हणजे नोकरी सोडली, असं त्यांचं म्हणणं. फार तर गेटवर वॉचमन म्हणून घेऊ म्हणाले, फौजी माणूस शोभून दिसेल. "बॉर्डरवर उभा राहिलोय साहेब, गेटवर उभं राहायची लाज नाही," सुदाम म्हणाला, "पण माझं काम लेथवरचं आहे." तिथून तो सरळ माझ्या घरी आला. आता हा मला शिव्या घालणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो. तर म्हणतो, "वाट लागली रे माझी... पण फोटो झकास आलाय."

प्रकरण सरकारी अधिकाऱ्यांपुढे गेलं. तोवर तो एका लहानशा वर्कशॉपमध्ये मिळेल ते काम करत होता. वांद्र्याला सुनावणी ठरली आणि साक्षीला मी जायचं होतं. त्याआधी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "परब, तुमचीही बरीच वर्षं इथेच जायची आहेत." मी घाबरलो. हो, घाबरलो... दोन दिवस सुदामचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तो दारात उभा, हातात डबा. "शोभाने सुकटाची चटणी दिलीय तुला." बसला, पाणी प्यायला, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि निघून गेला. सुनावणीबद्दल चकार शब्द नाही.

मी सुनावणीला गेलो. "राजीनामा नव्हता, तर निरोप कसला दिलात?" अधिकाऱ्यांनी विचारलं. म्हटलं, "साहेब, त्याने नोकरी सोडली नव्हती. ती सगळी माझी हौस. किल्लीसुद्धा मीच त्याला जमा करायला लावली." अधिकारी हसले. काही आठवड्यांनी हुकूम आला, सुदामला त्याच्याच लेथवर परत घ्या. माझ्यावर साहेबांनी पुढे बराच काळ डूख धरला, पण नोकरी टिकली. सुदामने पहिल्या दिवशी किल्ली घेऊन लॉकर उघडला तर आत माझी छत्री आणि जुन्या चपला. "भाडं कोण देणार रे?" म्हणाला. मग पिशवीतून ती शाल काढून माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. खरा रिटायर होईन तेव्हा घाल. तोवर मी नोकरीत आहे."

परवा त्याच्या घरी जाताना... परवा कसलं, महिना झाला... मी ती शाल पिशवीत घालून नेली होती. बुद्धवंदना चालू होती. शाल अर्धी बाहेर काढली आणि हात तिथेच थांबला. पुन्हा आत ठेवली. पुढे पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, ती शाल?" मी म्हटलं, "आहे वहिनी, माझ्याकडेच आहे."

माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय. उंदरांनी खाल्लेली नाही. अजून तीन महिने राहिलेत. ते पुरे होतील त्या दिवशी घाटकोपरला जाईन आणि त्याच्या फोटोला घालीन. तोवर सुदाम नोकरीत आहे.