एबनचा राहिलेला शब्द

एबन थर्कटल आमच्या चॅपलात प्रवचन करायचा, तेव्हा दर दोन वाक्यांमागे 'व्हेरिली' म्हणायचा. खचित, अगदी त्रिवार सत्य, अशा अर्थाचा हा बायबलातला जुना शब्द. इंग्लंडातल्या आमच्या सफोकच्या किनाऱ्यावर एरवी तो कुणाच्या तोंडी नसे. एबन मात्र जाळी दुरुस्त करतानाही म्हणे. "काय रे, उद्या मासळी लागेल का?" "व्हेरिली!" आम्ही हसायचो.

फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला एवढा एकच शब्द.

तो पहिल्यांदा उमटला तेव्हा त्याची बायको केझाया आनंदाने रडली. "चहा देऊ?" तिने विचारलं. "व्हेरिली." चहा पुढे केला तर त्याने तोंड फिरवलं. "मग दुखतंय का कुठे?" "व्हेरिली." "कुठे ते दाखव ना रे!" तो नुसता बघत राहिला.

मे महिन्यात त्याला उठवून बसवताना ती पडली. मनगट मोडलं. इप्सविचहून लेक आली, डॉर्कस.

"आई, पुरे आता. तिथल्या वृद्धाश्रमात नर्सा आहेत."

"आधी त्याला विचार."

डॉर्कस गुडघ्यांवर बसली. "बाबा, याल ना तिकडे?"

"व्हेरिली."

"बघ, स्वतःच म्हणाले."

"अगं, मांजर हाकलू का विचारलं तरी तो हेच म्हणतो!"

"मग तू उचलणार आहेस त्यांना? या हाताने?"

केझाया एका हाताने त्याची पिशवी भरू लागली.

न्यायच्या दिवशी मी, शेजारी म्हणून, आणि त्याचा जावई त्याला खुर्चीसकट उचलून नेत होतो. दारात त्याच्या डाव्या हाताने चौकट धरली. आम्ही थांबलो. ओढायचा धीर कुणाला होईना. शेवटी केझायाच पुढे आली आणि प्लास्टर नसलेल्या हाताने त्याचं एकेक बोट सोडवू लागली. "सोड रे. माझ्याच्याने नाही होत आता."

"व्हेरिली, व्हेरिली," तो म्हणाला. प्रवचनातला तोच खणखणीत आवाज.

"चला, पटलं म्हणायचं," जावई म्हणाला.

आश्रमात तो सगळ्यांचा लाडका झाला. "किती गुणी म्हातारा! कशाला नाही म्हणत नाही," नर्सा सांगायच्या. केझाया दर शनिवारी बसने जायची. एकदा मी सोबत होतो. त्याची हनुवटी पुसता पुसता तिने हळूच विचारलं, "त्या दिवशी तुला यायचं नव्हतं ना?"

"व्हेरिली."

"की यायचं होतं?"

"व्हेरिली."

आवाजात तसूभर फरक नाही. तिने त्याच्या गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं.

नोव्हेंबरात तो तिथेच गेला. नर्स म्हणाली, जाण्याआधी काहीतरी बोलले होते. काय, ते केझायाने विचारलं नाही. त्याचा चष्मा आणि सपाता मागून घेतल्या आणि बाहेर जाऊन बसथांब्यावर उभी राहिली.