लॉरीतली बाई

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका हॉलमध्ये मॉडेल ट्रकचं प्रदर्शन होतं. एका टेबलामागे त्या बसल्या होत्या, साठीच्या, मराठी. समोरच्या छोट्या लॉऱ्यांवर हलक्या हाताने ब्रश फिरवत होत्या.

"मी चालवलेली प्रत्येक लॉरी अशी बनवते," त्या मला म्हणाल्या. "रंग तोच, चाकांवरचा चिखलसुद्धा."

तेवढ्यात एका इंग्रज गृहस्थांनी त्यांना विचारलं, "तुमचे मिस्टर ड्रायव्हर होते का?"

बाईंनी चिमट्याने एका लॉरीचं इवलंसं दार उघडलं. स्टिअरिंगमागे अंबाडा घातलेली बाई बसली होती.

"दॅट्स मी," त्या म्हणाल्या.

गृहस्थ वाकून बघत राहिले. बाई माझ्याकडे वळल्या.

"मॉडेलच्या विकतच्या किटमध्ये ड्रायव्हर पुरुषच येतो हो. अंबाडा मी लावते."

अभिमानाने माझीच मान ताठ झाली.