डाव्या खांद्यातली गादी

आमच्या जिन्यावर अशी वदंता होती की टाचणीवहिनींनी नव्या कॅप्टनच्या कॉलरमध्ये मुद्दाम टाचणी ठेवली, आणि पहिल्याच दिवशी तो बिचारा कॅमेऱ्यासमोर "आई गं!" करून ओरडला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर टाचणीची लांबीसुद्धा बोटावर मोजून दाखवली. सगळं झूट. टाचणी नव्हतीच. होती ती गादी, आणि तीही खांद्यात.

वहिनी अंतराळयानाच्या एका मालिकेत शिलाईच्या खोलीत काम करतात. मालिका सतरा वर्षं चाललीय. यान अजून पोचायचंय. तोंडात कायम चार टाचण्या, त्यामुळे कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच : "हं." त्यांचे यजमान सांगतात, "मला पसंत केलं तेही 'हं' म्हणूनच. नक्की होकार होता ना, हे विचारायचं राहूनच गेलं."

जुन्या कॅप्टनचा डावा खांदा उतरता होता. जगाला पत्ता नाही, कारण कोटाच्या डाव्या खांद्यात वहिनी दोन बोटं जाड गादी भरत. रोज सकाळी कोट चढवून तो विचारायचा, "झालो का सरळ, वहिनी?"

"कपड्यापुरते," वहिनी म्हणायच्या. तेवढ्यासाठी मात्र टाचण्या काढायच्या.

तो गेला तेव्हा वहिनी त्याच्याच कोटाला इस्त्री करत होत्या. निरोप्या दारातूनच सांगून पुढे गेला. वहिनींनी उरलेली बाही पूर्ण केली, इस्त्री उभी ठेवली, कोट हँगरला लावला. घरी आल्या, भांडी घासली. यजमान घाबरत घाबरत म्हणाले, "फार वाईट झालं गं."

"हं."

तोंडात टाचण्या नव्हत्या, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांनी नवा कॅप्टन ठरला. नाटकातला मुलगा, पट्टीसारखा सरळ. मापं देऊन गेला तो नाटकाच्या दौऱ्यावर; कोट अंगावर घालून बघायला सवडच नव्हती. निर्मितीचे मॅनेजर शिलाईच्या खोलीत येऊन खुर्चीच्या पाठीवर टेकले. "वहिनी, पहिल्या दिवशी मालक येणार आहेत. कोट झकास बसला तर ठीक. नाहीतर बाहेरून तयार रबरी पोशाख मागवायचे आणि ही खोली सामानाला द्यायची, असं चाललंय. कळतंय ना?"

"हं."

वहिनींनी खडूने मापं आखली, कापड बेतलं, तीन दिवसांत कोट उभा केला. अस्तराचा शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडला.

चित्रीकरणाच्या सकाळी नव्या कॅप्टनने कोट चढवला आणि त्याचा डावा खांदा थेट कानाला भेटायला निघाला.

"हा यान चालवणार?" दिग्दर्शक कडाडला. "हा तर 'मला काय माहीत' म्हणतोय!"

मालकांनी घड्याळ पाहिलं. मॅनेजरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी कात्री घेऊन पुढे झाल्या, खांद्यावर हात ठेवला, आणि बोटांना गादी लागली. दोन बोटं. नेहमीची. आता लाज वाटायला हवी, भीती वाटायला हवी, निदान रडू तरी यायला हवं, हे त्यांना समजत होतं. पण मुंग्या आलेल्या पायावर कुणी हात ठेवावा, तसं सगळं लांबून चाललं होतं.

"उसवायला किती वेळ?" मॅनेजर.

"तास."

"राहू द्या, वहिनी," पोरगा हळूच म्हणाला. "मीच जमवतो." त्याने डावा खांदा खाली सोडला. कोट चापून बसला. खांदा पडला म्हणून मान जराशी उजवीकडे गेली, पाऊल किंचित ओढल्यासारखं पडू लागलं, आणि तो तसाच चालत यानाच्या दारापर्यंत गेला.

शिडीवरच्या दिवेवाल्याने, जो पहिल्या भागापासून त्या शिडीवर आहे, डोक्यावरची टोपी काढली. दिग्दर्शकाचाही आवाज उतरला. "अस्साच. परत ये एकदा."

मालकांनी घड्याळ बाहीत सारलं. रबरी पोशाख बारगळले, खोली राहिली. मॅनेजर दोनदा येऊन "वाचलो, वाचलो" म्हणून गेले. वहिनी दुसऱ्या कोटाची गुंडी लावत होत्या.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा अर्धा जिना वहिनींच्याच खोलीत जमला. यजमानांनी नाक शिंकरून शिंकरून रुमाल भिजवला. "अगदी जुन्या कॅप्टनसारखा चालतो गं!" वहिनी कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत होत्या.

काकूंना राहवेना. "खरं सांग हो, टाचणी नव्हे तर नव्हे, पण ती गादी तू मुद्दामच भरलीस ना?"

वहिनींनी तोंडातल्या चारही टाचण्या काढून उशीला टोचल्या.

"काकू, मुद्दाम करायला डोकं लागतं. त्या दिवसांत कामावर नुसते हात जात होते."