झाडून काढलेला बांध

"गवत कुठाय?" गाडीतून उतरताच देशपांडेसरांनी विचारलं.

गवत नव्हतंच. गौरम्मा अक्कांच्या शेताचा बांध इतका लख्ख, की त्यावर पंगत बसवावी. शेणसडा घातलेला, वर रांगोळी.

आमचं काम सांगते. बेंगळुराबाहेर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांपलीकडे नाचणीची शेतं आहेत. तिथे बांधावरच्या गवतात लावा नावाचा छोटा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो. शेतकऱ्याने बांध राखला आणि तिथे घरटं सापडलं, तर आमचं ऑफिस पैसे देतं. मेहनतीचे नाहीत, रिझल्टचे. तपासायला मी जाते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले, त्यामुळे कन्नड घरचंच. पुण्याहून आलेल्या आमच्या सरांची कन्नडची गाडी "स्वल्प", म्हणजे 'थोडं', याच्यापुढे जात नाही.

अक्कांनी वर्षभर बांधाला विळा लावला नव्हता. त्यांच्या दिराला जमीन प्लॉट पाडणाऱ्यांना द्यायची होती. "गवत राखल्याचे कोण पैसे देतं? यंदा आले नाहीत तर विकायची," असं घरात ठरलेलं.

"अक्का, हे काय केलंत?" मी कन्नडमधून विचारलं.

"मोठे साहेब येणार म्हणून तूच फोन केलास ना?" अक्का खुशीत होत्या. "पाहुणे यायचे आणि आपण रान माजवून ठेवायचं? पहाटेपासून सगळे राबलोय."

आता रागवायचं तरी कोणावर? माझ्या आईनेही हेच केलं असतं.

सरांनी टॅब काढला. "गवत नाही. फेल टाका."

शेजारीच उभ्या असलेल्या दिराला मराठी कळत नव्हती, पण 'फेल' कळलं. तो अक्कांकडे बघायला लागला. अक्कांचा चेहरा उतरला.

"थांबा सर, बांध संपेपर्यंत तरी बघू," म्हणून मी हट्टाने पुढे चालत गेले. पार टोकाला गवताचा एक झुबका तसाच उभा होता. त्याच्याभोवती गोल रांगोळी.

"अक्का, एवढंच का ठेवलंत?"

"आत ती अंड्यांवर बसलीय. बाळंतिणीच्या खोलीत कोणी केरसुणी फिरवतं का?"

मी वाकून पाहिलं. लावी अंगाचा गोळा करून बसलेली, जागची हलली नाही. मला इतका आनंद झाला की मी अक्कांना मिठीच मारली.

"पण गवत तर..." सर अजून टॅबवरच.

"सर, पैसे गवताचे की घरट्याचे? नियम तुम्हीच लिहिलाय."

सरांनी वाकून पाहिलं, मग त्या रांगोळीकडे पाहिलं आणि हसत सुटले. "सरी, सरी. ठीक आहे. पास."

'पास' हा शब्द दिरालाही कळला. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. मग अक्कांनी आम्हाला वर तुपाची धार सोडून गरम होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली. सरांनी तीनदा मागून घेतली.

जमीन अजून अक्कांकडेच आहे, आणि आता दीरच बांधाची राखण करतो. आम्ही ऑफिसात एक नियम वाढवला: तपासणीआधी फोन करायचा नाही. तेव्हापासून बांध छान माजलेले असतात. होळिगे मात्र पुन्हा मिळालेली नाही.